घराचं काम काढताय? आधी एक टेप विकत घ्या

पुण्यातल्या कर्वेनगरातला आमचा फ्लॅट १९८९ सालचा. मोझॅक टाइल्स, लाकडी चौकटी, ओट्याखाली शहाबादी फरशीचे कप्पे. घेतला तेव्हाच ठरलं होतं की राहायला जायच्या आधी सगळं काम उरकून घ्यायचं. दीड महिन्याचं काम साडेचार महिने चाललं आणि ठरल्या रकमेच्या वर एक लाख तीस हजार गेले. गंमत म्हणजे कॉन्ट्रॅक्टरने एकही दर वाढवला नव्हता. दर तेच राहिले, मापं वाढली. आम्ही आठवडाभर घासाघीस केली ती दरावर. माप कसं धरणार, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

पुढे बहिणीने सिंहगड रोडला जुना फ्लॅट घेतला, तेव्हा त्याचं काम मीच उभं राहून करून घेतलं. आमच्याकडे जे चुकलं ते तिच्याकडे टाळलं, आणि तरी दोन-चार नव्या चुका केल्याच. खालचं सगळं त्या दोन घरांचं आहे. पहिल्यांदाच काम काढणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

१. कॉन्ट्रॅक्टरच्या आधी सोसायटी

तुमची इमारत सहकारी गृहनिर्माण सोसायटी आहे की अपार्टमेंट, ते आधी बघा. पुण्यात दोन्ही भरपूर आहेत आणि बऱ्याच जणांना स्वतःचं कुठलं तेच माहीत नसतं. सोसायटी असेल तर उपविधींप्रमाणे आतल्या फेरफारासाठी कमिटीची लेखी परवानगी लागते. अपार्टमेंट असेल तर डीड ऑफ डिक्लरेशनमध्ये, म्हणजे इमारतीच्या नोंदवलेल्या घोषणापत्रात, काय लिहिलंय ते वाचा. अर्जात काय काय फोडणार, किती दिवस, कामाच्या वेळा कोणत्या, सगळं लिहा. अनामत रक्कम मागतात, तिची पावती घ्या. दुपारी दोन ते चार तोडफोड बंद, हे आमच्या परवानगीच्या पत्रात ठळक अक्षरात होतं. पुणं आहे, ते पाळावंच लागतं.

फरशी, रंग, प्लास्टर, फर्निचर असल्या कामांना महापालिकेची परवानगी लागत नाही. पण भिंत पाडायची असेल, बाल्कनी आत घ्यायची असेल, संडास-बाथरूमची जागा हलवायची असेल, तर थांबा. पेठांमधल्या जुन्या इमारती बऱ्याचदा लोडबेअरिंग असतात, म्हणजे वरचा सगळा भार भिंतीच घेतात. तिथली ‘मधली फालतू भिंत’ फालतू नसते. आरसीसी इमारतीतही कॉलम आणि बीमला छिन्नी लागता कामा नये. कॉन्ट्रॅक्टर छातीठोकपणे ‘काही होत नाही’ म्हणतो. त्याचं म्हणणं ऐकून घ्या आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी मत आणा. त्याची फी लागते, ती द्या.

नवा फ्लॅट असेल तर आणखी एक. रेरा कायद्याप्रमाणे ताबा मिळाल्यापासून ५ वर्षं बांधकामातल्या दोषांची जबाबदारी बिल्डरची असते. तुम्ही बाथरूमची फरशी उखडलीत आणि नंतर गळती सुरू झाली, तर बिल्डर तुमच्याकडेच बोट दाखवणार. फोडायच्या आधी त्याच्याशी ईमेलवर बोलून घ्या.

जवळ ठेवायचे कागद: इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) आणि शेअर सर्टिफिकेटची झेरॉक्स, मंजूर नकाशाची प्रत (सोसायटीकडे असते), कमिटीचं परवानगीपत्र, कामगारांच्या ओळखपत्रांच्या प्रती वॉचमनसाठी. आणि पाच मीटरची टेप. स्वतःची.

२. मुहूर्त

पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीचं आणि गच्चीचं काम नको, आतलं चालतं. पण जून ते सप्टेंबर प्लास्टर आणि पुट्टी वाळायला वेळ घेतात, तेवढे दिवस जास्त धरा. घर पेठेत असेल तर गणपतीचे दिवस सोडूनच द्या, टेम्पो गल्लीत येणारच नाही. दिवाळीच्या आधी महिनाभर रंगारी मिळत नाहीत, आणि दिवाळीला जे गावी जातात ते छठ करूनच परततात. होळीलाही तेच.

पितृपंधरवड्यात मात्र नवीन काम कुणी सुरू करत नाही आणि कॉन्ट्रॅक्टर मोकळे असतात. बहिणीचं काम आम्ही तेव्हाच सुरू केलं. आईने नाक मुरडलं, पण मिस्त्री दुसऱ्या दिवशी हजर होता.

३. माणूस शोधणं

तीन प्रकारची माणसं भेटतील. पहिला, इंटिरिअरवाला: थ्रीडी चित्रं दाखवतो, सगळं एकहाती करून देतो, पैसे त्या हिशोबाने. दुसरा, मटेरियलसकट काम घेणारा सिव्हिल कॉन्ट्रॅक्टर. तिसरा फक्त मजुरीवर काम घेणारा, सामान तुम्ही आणायचं. दिवसभर घरी कुणी असणार असेल तरच तिसरा परवडतो, नाहीतर दर दोन तासांनी ‘ताई, सिमेंट संपलं’ असा फोन. मजूर अड्ड्यावरून माणूस आणणं एखादा कट्टा फोडण्यापुरतं ठीक आहे. बाथरूम त्याच्या हवाली करू नका.

चांगलं काम केलंय असं कुणी सांगितलं की विचारा, किती वर्षं झाली? ताजं काम सगळ्यांचंच छान दिसतं. दोन पावसाळे काढलेलं घर बघायला मागा. तिथे गेल्यावर हॉलमधल्या फॉल सीलिंगकडे बघत बसू नका. बाथरूमच्या दाराची चौकट खालून फुगली आहे का, सिंकखालच्या प्लायला पाणी लागून पापुद्रे सुटलेत का, हे बघा. टाइल्सवर नाण्याने टकटक करा. पोकळ आवाज येतो तिथे खाली माल नीट भरलेला नाही.

त्याची आत्ता चालू असलेली साइटही बघा, न सांगता. मला सर्वात जास्त कळलं ते तिथे. आमच्या पहिल्या कॉन्ट्रॅक्टरचं ऑफिस चकचकीत, बोलणं गोड, पण काम सुरू झाल्यावर तो आठवड्यातून एकदा यायचा. रोज असायचा तो एक मिस्त्री, आणि तो मिस्त्रीही त्याचा नव्हता, दुसऱ्या मुकादमाकडून घेतलेला. बहिणीच्या वेळी मी पहिलाच प्रश्न हा केला, “भाऊ, रोज सकाळी दहाला आमच्या घरात कोण उभा असेल? त्याला भेटवा.” दोघांनी टाळाटाळ केली. तिसऱ्याने तिथल्या तिथे फोन लावून मिस्त्रीला बोलावलं. काम त्यालाच दिलं, दर त्याचा मधला होता.

४. कोटेशन, म्हणजे खरी लढाई

कमीत कमी तीन कोटेशन घ्या, हे सगळेच सांगतात. पण तिघांनी तीन वेगवेगळ्या गोष्टींचा भाव दिलेला असतो. त्यामुळे आधी तुमची यादी करा, खोलीवार. ‘बाथरूम रिनोव्हेशन’ असं नाही. जुनी टाइल काढणे, वॉटरप्रूफिंग, नवी पाइपलाइन, फरशी, भिंतीची टाइल किती उंचीपर्यंत, नळ किती, गीझर पॉइंट कुठे. ती यादी तिघांना द्या आणि तिच्यासमोरच दर भरायला सांगा. कुणी ‘ताई, एकरकमी देतो, टेन्शन घेऊ नका’ म्हणाला तर जरूर टेन्शन घ्या.

मग प्रत्येक ओळीपुढे एकक बघा. फर्निचर समोरून दिसणाऱ्या चौरस फुटांवर मोजतात: सात फूट उंच, सहा फूट रुंद कपाट म्हणजे ४२ चौरस फूट. मग वरचा लॉफ्ट त्यात की वेगळा? आतले ड्रॉवर, आरसा, हँडल? ग्रॅनाइटच्या ओट्याचा भाव चौरस फुटाला, पण कडेच्या मोल्डिंगचा धावत्या फुटाला, म्हणजे नुसत्या लांबीवर. स्कर्टिंगही (भिंतीच्या पायथ्याची पट्टी) धावत्या फुटाला. रंगात दारं-खिडक्या वजा करणार की नाही? नाही केल्या तरी चालेल, फक्त ते आधी ठरलेलं हवं. राडारोडा आणि वाळू ब्रासवर, म्हणजे १०० घनफूट. पण काही जण चौरस फुटाच्या कामालाही शंभरामागे एक ब्रास म्हणतात, तेव्हा कुठला ब्रास ते विचारा.

आमच्याकडे शेवटचं माप घेतलं तो दिवस मला अजून दिसतो. सात खिडक्यांना ग्रॅनाइटच्या चौकटी बसवल्या होत्या. पोऱ्या टेपचं टोक चौकटीच्या बाहेरच्या कडेला अडकवायचा, कॉन्ट्रॅक्टर वहीत लिहायचा. पाच फूट दोन इंच आलं की तोंडाने म्हणायचा “साडेपाच”. चार फूट दोन इंचाचं “साडेचार”. एका खिडकीचा घेर खरा १८ फूट ८ इंच, वहीत २०. मी म्हटलं, “अहो, दोन इंच म्हणजे अर्धा फूट कसा?” तो हसून म्हणाला, “ताई, दगड सहा-सहा इंचांच्या हिशोबानेच येतो.” त्याचं अगदीच खोटं नव्हतं, दगडाच्या दुकानात वरच्या मापावर बिल करायची रीत आहे. पण ती मला तीन महिने आधी सांगायला हवी होती. सात खिडक्यांचे सव्वानऊ फुटांच्या वर जादा, फुटाला चारशेने पावणेचार हजार. ही नुसती खिडक्यांची गोष्ट. दारं, उंबरे, स्कर्टिंग, कपाटं, सगळ्याला हाच न्याय लावा.

म्हणून कोटेशनवर एक ओळ लिहून घ्या: ‘अंतिम माप प्रत्यक्ष कामाचं, इंचात, दोघांच्या समक्ष.’

आता कोटेशनमध्ये काय लिहिलेलं नसतं ते. राडारोडा उचलणं, सामान वरच्या मजल्यावर चढवणं (लिफ्टला मोठी टाइल किंवा प्लाय न्यायला सोसायटी मना करते, मग मजल्यागणिक हमाली), भिंतीत झिरी मारून परत बुजवणं, एसीच्या पाइपसाठी कोअर कटिंग (भिंतीला गोल भोक), टाइलच्या सांध्यांत भरायचं एपॉक्सी, शेवटची साफसफाई. एकेकाला विचारा आणि ‘समाविष्ट’ किंवा ‘वेगळे’ असं लिहून घ्या.

दोन शब्दांपासून विशेष जपा: ‘किंवा समतुल्य’. नामांकित कंपनीचं प्लाय किंवा समतुल्य, असं लिहिलं की समतुल्यच येतं. कंपनी, प्रकार आणि जाडी लिहून घ्या. किचन आणि सिंकखाली आयएस ७१० छाप असलेलं मरीन प्लाय, ट्रॉल्यांसाठी १८ की १९ एमएम, सनमायका ०.८ की १ एमएम. वायर लाइटला १.५, प्लगला २.५, गीझर आणि एसीला ४ स्क्वेअर एमएम. छाप प्रत्येक शीटवर असतो, तो कापायच्या आधी बघायचा. कापून मायका चढवल्यावर आत काय आहे ते देवालाच ठाऊक.

जीएसटी वर लागणार की आत, तेही विचारा. असल्या कामावर १८ टक्के आहे, म्हणजे आठ लाखांवर १ लाख ४४ हजार. जीएसटी लावणाऱ्याचा १५ अक्षरी नंबर मागून पोर्टलवर तपासा, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. ज्याची नोंदणीच नाही त्याला तुमच्याकडून जीएसटी घेता येत नाही.

५. करार आणि पैसे

करार साध्या मराठीत चालतो. ऑक्टोबर २०२४ पासून करारनाम्यांना शंभराऐवजी किमान पाचशेचा स्टॅम्प लागतो. कामाची रक्कम मोठी असेल तर नेमकं मुद्रांक शुल्क वकिलाकडून विचारून घ्या. मंजूर कोटेशन कराराला जोडा, प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या. सुरू आणि संपायची तारीख, उशिराला आठवड्याचा दंड किती, आणि वॉटरप्रूफिंगची हमी किती वर्षांची. हमी कॉन्ट्रॅक्टरच्या सहीने हवी. केमिकलच्या कंपनीचं छापील पत्रक म्हणजे हमी नव्हे.

पैसे कामाच्या टप्प्यांवर द्या, तारखांवर नाही. बहिणीकडे असं केलं होतं:

- काम सुरू करताना १० टक्के
- तोडफोड, पाइप, वायरिंग आणि पाण्याची चाचणी झाल्यावर २५
- टाइल्स लागल्यावर २५
- फर्निचरचे सांगाडे उभे राहिल्यावर २०
- रंगाचा पहिला हात झाल्यावर १०
- किल्ली परत घेताना ५
- एक पावसाळा गेल्यावर ५

शेवटच्या पाच टक्क्यांना कॉन्ट्रॅक्टर कुरकुर करतोच. बहिणीकडचे कॉन्ट्रॅक्टर, भाऊ, म्हणाले, “ताई, आमच्यावर विश्वास नाय का?” मी म्हटलं, “तुमच्यावर आहे, पावसावर नाही.” तयार झाले. निम्मी रक्कम आगाऊ मागणाऱ्याच्या आधीच्या साइटवर पैशांची चणचण असते आणि तुमच्या पैशाने तिकडचं सिमेंट येतं, हे मी स्वतः भोगलंय. पैसे बँकेतून किंवा यूपीआयने, आणि कुठल्या टप्प्याचे ते शेऱ्यात लिहून.

६. सामान स्वतः घेणार असाल तर

इलेक्ट्रिकसाठी तपकीर गल्ली, हार्डवेअरसाठी रविवार पेठेतली बोहरी आळी, प्लायला भवानी पेठेतलं टिंबर मार्केट. दुचाकीवर जा, गाडी लावायला जागा मिळत नाही. कॉन्ट्रॅक्टर ज्या दुकानात नेतो तिथे त्याचं कमिशन असतं. त्यात पाप नाही, फक्त त्याच मॉडेलचा भाव आणखी दोन ठिकाणी विचारा.

टाइल्स घेताना इथेही मापच. ‘दोन बाय चार’ची टाइल खरं म्हणजे ६०० बाय १२०० एमएम असते, दोन टाइल्सचा एक बॉक्स म्हणजे साडेपंधरा चौरस फूट. सोळा धरून बिल करणारे आहेत. तुटफूट आणि कापाकापीसाठी दहा टक्के जास्त घ्या आणि सगळ्या बॉक्सवरचा बॅच नंबर एकच आहे ना ते दुकानातच बघा. नंतर आणलेले दोन बॉक्स हमखास वेगळ्या छटेचे निघतात. आमच्या हॉलमध्ये सोफ्याखाली तसा एक कोपरा आहे, सोफा म्हणून हलवत नाही.

७. काम चालू असताना

सगळं सोडा, पण बाथरूमची पाण्याची चाचणी सोडू नका. वॉटरप्रूफिंग झाल्यावर, फरशी लावायच्या आधी, नहाणी ट्रॅपमध्ये (जाळीखाली पाणी जायचं भोक) प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला बोळा घट्ट बसवायचा, तीन-चार इंच पाणी भरायचं आणि पाण्याच्या रेषेवर भिंतीला पेन्सिलने खूण करायची. ४८ तास ठेवायचं. मिस्त्री म्हणेल चोवीस तास बस झाले.

बहिणीकडे चोवीस तासांनी पाणी खुणेवरच होतं. मिस्त्री लगेच फरशीचा माल कालवायला निघाला, आम्ही थांबवलं. दुसऱ्या सकाळी पाणी दोन बोटं खाली. खालच्या मजल्यावरचे काका आधीच टॉर्च घेऊन स्टुलावर उभे होते. “ये, बघ,” म्हणाले. ड्रेनेजच्या पाइपभोवती छताला वाडग्याएवढा ओला डाग. ट्रॅपच्या भोवतीचा सांधा नीट भरलेला नव्हता. एका दिवसात तेवढाच फोडून परत केला, पुन्हा पाणी भरलं, या वेळी खूण हलली नाही. फरशी लागल्यानंतर हेच कळलं असतं तर सगळी बाथरूम परत फोडावी लागली असती, वर काकांच्या छताचा रंग.

भिंतीतले पाइप आणि वायरी बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, टेप भिंतीला लावून, म्हणजे फोटोतच अंतर दिसतं. पुढे खिळा ठोकताना रोज उपयोग होतो.

गॅसची पाइपलाइन असेल तर ती ट्रॉल्यांमागे किंवा भिंतीत लपवू देऊ नका आणि कॉन्ट्रॅक्टरला हलवूही देऊ नका. ते काम एमएनजीएलकडूनच, म्हणजे गॅस पुरवणाऱ्या कंपनीकडूनच, करून घ्यायचं. दोन-तीन एसी वाढणार असतील तर महावितरणकडे मंजूर भार वाढवायचा अर्ज आत्ताच करा.

राडारोडा कुठे जातोय ते विचारा. रात्री नदीपात्रात किंवा टेकडीच्या कडेला टेम्पो रिकामा करणारे आहेत. पकडले गेले तर दंड होतो आणि तुमच्या पत्त्यापर्यंत माग निघू शकतो. महापालिकेचा राडारोड्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प वाघोलीला आहे. तिथे टाकल्याची पावती मागा.

आणि मधेच सुचलेले बदल. ‘इथे अजून एक पॉइंट द्या ना’ हे वाक्य मी आमच्या घरात किती वेळा म्हटलं ते शेवटच्या बिलात कळलं: एकतीस वेळा. कुठलाही बदल व्हॉट्सअॅपवर लिहा, भाव विचारा, त्याचं ‘ओके’ आल्यावरच काम. सुताराचं तोंडी ‘हो जाएगा मॅडम’ फुकट असतं असं समजू नका.

८. बिनसलंच तर

काम अर्धवट सोडून गेला, तर आधी फोटो आणि मापं घ्या, मग लेखी नोटीस पाठवा. त्याच्यामागे दुसरा माणूस लगेच लावलात तर कुणी काय बिघडवलं ते सिद्ध होत नाही. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. करार, पावत्या आणि व्हॉट्सअॅप, एवढंच तिथे तुमच्या बाजूने बोलतं.

९. शेवटचं माप

किल्ली घेण्याआधी एक सकाळ राखून ठेवा. सगळे नळ एकदम सोडा, सगळे दिवे लावा, प्रत्येक ड्रॉवर उघडा. बाथरूममध्ये बादली ओता आणि पाणी जाळीकडेच जातं का बघा. राहिलेल्या कामांची यादी भिंतीवर पेन्सिलने नको, कागदावर करा, त्यावर त्याची सही घ्या. मग दोघांनी मिळून मापं घ्या. टेपचं टोक तुम्ही धरा, आकडा तो वाचेल, वहीत दोघंही लिहा.

बहिणीचे पाच टक्के घ्यायला भाऊ ऑक्टोबरात आले. खालच्या काकांकडे जाऊन छत बघून आले, डाग नव्हता. चहा घेतला, चेक घेतला, आणि जाताना म्हणाले, “ताई, ती टेप तेवढी पोरीला देऊन टाका, आमचा पोऱ्या घाबरतो तिला.”